उघडलेले पाकीट

अब्बा गेले ते २०२१ च्या डिसेंबरात. चाळीसावा झाल्यावर त्यांचे कपाट आवरायला घेतले, तेव्हा वरच्या कप्प्यात एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. त्यावर त्यांच्या अक्षरात 'पट्टीचे सामान' असे लिहिले होते. आत अकरा पाकिटे होती, सगळी बंद. जखमेची पट्टी बदलण्यासाठी औषधांच्या दुकानात तयार निर्जंतुक पाकीट मिळते, एकदा वापरायचे आणि टाकून द्यायचे. तीच ही पाकिटे. अब्बांनी ती मुदतीच्या तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. ज्याची मुदत आधी संपणार ते वर, नंतर संपणार ते खाली.

आम्ही दोघी बहिणी तो खोका मध्ये ठेवून बराच वेळ बसून राहिलो. रडायचे ते रडून झाले होते. त्या पाकिटांकडे बघताना जे वाटत होते ते दुःख नव्हते, लाज होती. ती गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नाही. आता लिहायला बसलो आहोत. थोरली सांगते आहे, धाकटी लिहिते आहे. चूक दोघींची आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

अब्बा एका धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. डॉक्टर जखम बघत, कागदावर दोन ओळी लिहीत, आणि पुढचे सगळे ड्रेसरने करायचे. जखम धुवायची, औषध लावायचे, पट्टी बांधायची. १९७५ पासून एकतीस वर्षे अब्बांनी हेच केले. ऊस तोडताना कोयता लागलेले, गुऱ्हाळात भाजलेले, बैलाने शिंग मारलेले, सगळ्यांचे हातपाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. गाव त्यांना 'पट्टीवाले चाचा' म्हणायचे. माणसाची जात त्याच्या जखमेवरून कळत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पाहिले.

त्या काळी तयार पाकिटे नव्हती. गॉजचे तागे येत. अब्बा ते कापत, घड्या घालत, आणि प्रत्येक घडीच्या कडा आत दुमडत, कारण सुटा दोरा जखमेत राहिला तर जखम चिघळते. मग त्या घड्या ड्रममध्ये भरत. ड्रम म्हणजे स्टीलचा गोल डबा. त्याच्या अंगाला बारीक भोकांची रांग आणि भोकांवर सरकणारी पट्टी. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोके उघडी ठेवायची म्हणजे वाफ आत शिरते. १२१ अंश उष्णता, १५ पौंड दाब. बाहेर काढताच पट्टी सरकवून भोके बंद करायची. नंतर ड्रममधली घडी हाताने घ्यायची नाही. औषधाच्या उंच बरणीत एक लांब चिमटा उभा असे, त्याला ते 'चीटल' म्हणत. त्यानेच घ्यायची.

धाकटी सहा-सात वर्षांची असेल. एका दुपारी तिने ड्रमचे झाकण उघडून आत हात घातला. पांढऱ्याशुभ्र घड्या, मऊ, अजून थोड्या कोमट. हात स्वच्छ होते, नुकतेच जेवून धुतलेले. अब्बांनी ना मारले, ना ओरडले. त्यांनी तो पूर्ण भरलेला ड्रम उचलला आणि पुन्हा यंत्रात ठेवला. ती रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रो मत बेटी. तेरे हात गंदे नइं. लेकिन खुल्या सो गया."

'खुल्या सो गया' हे त्यांचे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले. बिस्किटाचा पुडा उघडा राहिला तरी आम्ही तेच म्हणायचो आणि हसायचो.

अम्मीला मात्र ते पटत नसे. आमच्या घरात पाक-नापाक हा तिचा विषय. कपडा तीन पाण्यांतून काढायची, दर वेळी पिळायची, उन्हात घालायची. घरात कुणाला लागले की तिची जुनी मलमलची ओढणी फाडून पट्टी तयार. अब्बा ती बाजूला ठेवायचे. अम्मी चिडून विचारी, "इससे पाक कपडा घर में है क्या?" अब्बा म्हणत, "पाक है. नमाज को चलेगा. जखम को नइं." पाक ही एक गोष्ट आणि निर्जंतुक ही दुसरी, हा फरक त्यांनी आम्हांला असा शिकवला. पाक पाण्याने होते. निर्जंतुक व्हायला वाफ लागते, आणि ते तसेच राहायला बंद झाकण लागते. अम्मी २०१२ मध्ये गेली, तोवर हा वाद मिटला नव्हता.

निवृत्तीनंतर अब्बा आमच्याकडे सांगलीला आले. साखरेचा आजार जुना होता. पायांची जाणीव हळूहळू गेली होती. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नसे. २०१९ च्या रमजानात डॉक्टरांनी रोजे मना केले होते, पण जुमा त्यांनी सोडला नाही. मे महिना. मशिदीत आत जागा उरली नव्हती, म्हणून अंगणाच्या फरशीवर उभे राहिले. चटई आखूड होती. शेजारचा माणूस पाय उचलत होता, ठेवत होता. अब्बा शांत उभे होते, कारण त्यांना चटकाच बसत नव्हता. घरी आल्यावर धाकटीला डाव्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, फोड दिसला. तो फुटला, आणि दोन आठवड्यांत तिथे रुपयाएवढी जखम झाली.

डॉक्टरांनी रोज पट्टी बदलायला सांगितले. घरी येऊन पट्टी करणाऱ्या माणसाचे पैसे परवडण्यासारखे नव्हते. अब्बा म्हणाले, "तुम्हीच करा. मैं सिखाता हूं." असे आमचे शिक्षण सुरू झाले. गुरू तेच, रोगीही तेच. पाय उताणा करून ते पालथे झोपत आणि उशीत तोंड खुपसून सूचना देत. आधी हात धू. जुनी पट्टी काढ, पिशवीत टाक. पुन्हा हात धू. आता पाकीट उघड.

पाकिटाची एक बाजू कागदाची, दुसरी प्लास्टिकची. वरच्या कडा दोन्ही हातांनी ओढल्या की चर्र आवाज करत ते उकलते. आत घडी केलेला निळा कागदी रुमाल असतो, तोच टेबलावर पसरायचा, पण फक्त कोपऱ्यांना धरून. त्यावर छोटे तबक, प्लास्टिकचे दोन चिमटे, गॉजच्या पाच घड्या, कापसाचे बोळे, एक जाड पॅड, हातमोजे आणि कचऱ्याची पिशवी. सलाईनने बोळा भिजवायचा, जखमेवरून एकदाच फिरवायचा आणि टाकायचा. फिरवलेला बोळा मागे आणायचा नाही. अब्बांच्या उभ्या आयुष्यात ड्रम, बरणी, यंत्र मिळून जे काम होत होते, ते सगळे एका पाकिटात आले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट हातात घेऊन खूप वेळ पाहिले. पाठीमागे एका वर्तुळात इंग्रजी दोनचा आकडा होता आणि त्यावर तिरकी रेघ मारलेली. थोरलीला वाटले मापाचा नंबर असेल. अब्बा म्हणाले, "इसका मतलब, दुबारा नक्को." दुसऱ्या चिन्हावरून त्यांनी ओळखले की हे पाकीट किरणांनी निर्जंतुक केलेले आहे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ साली 'आयसोमेड' नावाचा प्रकल्प सुरू केला. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण बंद खोक्यांवर सोडतात. किरण पुठ्ठा, कागद, प्लास्टिक सगळे भेदून आत जातात, जंतू मरतात, आणि पाकीट उघडावे लागत नाही. अब्बा नोकरीला लागले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्यांना फार नवल वाटले. म्हणाले, "हमारे ड्रम को छेद रखना पडता था. इसको छेदच नइं."

पाकीट साठ रुपयांना मिळे. रोज एक. महिन्याचे अठराशे. त्यावर इन्सुलिन, गोळ्या, सलाईन, रिक्षा. अब्बांना पेन्शन नव्हती. थोरली ब्लाउज शिवते. धाकटी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तास नाही तर पैसे नाहीत, आणि सुट्टीत तास नसतात. जूनअखेर उधारीची वही भरली.

कुणी आधी सुचवले ते आता आठवत नाही, आणि आठवले तरी लिहिणार नाही. पाच घड्यांपैकी तीनच लागतात. बोळे निम्मे उरतात. ते टाकायचे म्हणजे तीस रुपये टाकायचे. आम्ही एका पाकिटाचे दोन दिवस केले. उरलेल्या घड्या त्याच पाकिटात ठेवून कड दुमडायची, कपड्याचा चिमटा लावायचा आणि उकळत्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. चिमटेही धुऊन त्याच डब्यात. दुसऱ्या दिवशी हातमोजे नसत. साबणाने हात धुऊन करायचो. डबा अम्मीचा होता. आमच्या मनात अम्मीचेच उत्तर होते: इससे पाक क्या होगा?

अब्बा पालथे असायचे. त्यांना टेबल दिसत नव्हते. त्यांनी विचारलेही नाही. आम्हांला वाटले, त्यांना कळत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला पूर आला. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल असे वाटले. ते थांबले नाही. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. आम्ही अब्बांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढले. प्लास्टिक गुंडाळले होते तरी पाय भिजलाच. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर राहायची सोय झाली. सामानात दोन बंद पाकिटे होती आणि एक आमचे चिमटा लावलेले अर्धे. बंद पाकिटांचा कागद ओला झाला होता. अब्बांनी ती चाचपली आणि बाजूला ठेवली. "भीगा सो भी गया." ओल्या कागदातून जंतू आत जातात, हे त्यांनी तिथे शेजारच्या दोन माणसांनाही समजावून सांगितले. मग त्यांचा हात तिसऱ्या पाकिटावर गेला. कपड्याचा चिमटा बोटांना लागला. त्यांनी तो काढला नाही. पाकीट आमच्याकडे सरकवले आणि खिडकीबाहेर पाण्याकडे बघत बसले.

बारा ऑगस्टला बकरी ईद झाली. शाळेच्या वऱ्हांड्यात नमाज झाली. अब्बांनी वजू करताना पट्टीवर ओला हात फिरवला, मसह केला. त्याच दुपारी डॉक्टरांचे एक पथक आले. त्यातल्या तरुण सिस्टरने अब्बांची पट्टी सोडली आणि मान मागे घेतली. वास आम्हांलाही आला. तिने ट्रंकेतून नवे पाकीट काढले, उघडले, जखम धुतली, झाकली; दोन घड्या उरल्या, त्या तिने न बघता कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. आम्ही दोघी त्या पिशवीकडे बघत राहिलो. तिला ते नक्कीच विचित्र वाटले असेल. "आजच दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात आम्ही दोघी त्यांच्या उशाशी होतो. कबूल करायचे ठरवून आलो होतो, पण तोंड उघडेना. शेवटी तेच बोलले. "एक दिन आवाज आता था, एक दिन नइं आता था." आधी आम्हांला कळलेच नाही. मग कळले. पाकीट उकलतानाचा तो चर्र आवाज. एक दिवसाआड तो नव्हता. पालथ्या पडलेल्या माणसाने जुलैभर ते दिवस मोजले होते.

"मग बोलला का नाही, अब्बा?" धाकटीने विचारले.

"क्या बोलूं? मेरे पाव का खर्चा तुम्हारे हातात." थोड्या वेळाने म्हणाले, "एकतीस साल लोगों को बोल्या, खुल्या सो गया. अपने घर में नइं बोल सक्या. गुनाह मेरा है."

त्या रात्री आम्ही त्यांचे ऐकून घेतले, मान्य केले नाही. आजही करत नाही.

नंतर सर्जनना आम्ही सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. साखर आटोक्यात नव्हती, पायाचा रक्तपुरवठा कमी होता, जाणीव नव्हती, त्यात पुराचे पाणी; बोटे कशामुळे गेली हे एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येणार नाही, असे म्हणाले. त्यांनी आम्हांला सोडवायला हे सांगितले नाही, ते खरेच आहे. पण त्याने आमचे ओझे उतरले नाही.

ओझे वाढवले ते वॉर्डातल्या वयस्क सिस्टरने, तेही नकळत. ती म्हणाली, जुन्या जखमेच्या घरच्या पट्टीला दर वेळी सगळेच निर्जंतुक लागते असे नाही. पुष्कळ जखमा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुतल्या तरी चालतात. हात मात्र साबणाने नीट धुतलेले हवेत, आणि जखमेला टेकणारी घडी नवी, न उघडलेली हवी. कोणत्या जखमेला काय हवे, ते बघून ठरवायचे असते. गॉजच्या दोन-दोन घड्यांची साधी निर्जंतुक पाकिटे स्वस्त मिळतात. सगळे किट लागलेच नसते. "परवडत नाही म्हणून एकदा बोलला असतात, तर मीच सांगितले असते," ती म्हणाली.

इथे आम्ही थांबतो, कारण आमची खरी चूक इथे आहे. काटकसर केली ही चूक नव्हे. आमच्यासारख्या घरांत काटकसर केल्याशिवाय दिवस सरत नाही. चूक ही की ती चोरून केली. डॉक्टरांपुढे बसलो की आम्ही चांगले कपडे घालून बसतो आणि प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतो. रोज एक पाकीट? हो. इन्सुलिन? हो. बाहेर आल्यावर हिशेब करतो आणि घरी गेल्यावर निम्मे करतो. गोळी निम्मी करतो, तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलतो, पाकिटाचे दोन दिवस करतो. डॉक्टरांना वाटते उपचार चालू आहे. गरिबी सांगायला जीभ उचलत नाही, आणि तिची किंमत शेवटी रोग्याच्या अंगावरून वसूल होते. अब्बांना ते माहीत होते, तरी तेही गप्पच राहिले. आम्ही तिघेही एकमेकांना सांभाळत होतो आणि मध्ये जखम चिघळत होती.

पाकिटात असते काय? थोडा कापूस, थोडे कापड, दोन चिमटे. साठ रुपये त्याचे नसतात. आत बाहेरचे काही शिरलेले नाही, ही खात्री त्या चिकटवलेल्या कडेत बंद असते. कड उकलली की ती खात्री त्या एका वेळेपुरती वापरून संपते. गॉज अर्धे उरते, खात्री अर्धी उरत नाही. अब्बांनी हे तीन शब्दांत सांगितले होते, आणि ते ज्यांना सर्वांत आधी सांगितले त्या आम्हीच होतो.

ऑपरेशननंतर आम्ही सिस्टरने सांगितल्याप्रमाणे साधी पाकिटे आणली. ज्या दिवशी जखम खोल धुवायची त्या दिवसासाठी किट. अब्बा मोठ्याने मोजत. "आवाज आया," असे उशीतूनच म्हणत. वापरलेले सगळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे ठेवायचे, हा त्यांचा हुकूम. घंटागाडीवरची बाई कचरा हाताने वेगळा करते, तिच्या हाताला आपल्या घरचा पू लागता कामा नये, असे म्हणत. २०२० च्या टाळेबंदीत, रमजानात, जखम भरली. मशिदी बंद होत्या. अब्बांनी खुर्चीवर बसून घरीच नमाज पढली आणि कित्येक महिन्यांनी डावा पाय पाण्याने धुऊन वजू केला. पुढे दीड वर्षाने ते गेले ते हृदयाच्या झटक्याने. पण तोवर दर महिन्याला एक पाकीट आणून खोक्यात ठेवत राहिले. ती ही अकरा.

गेल्या तीन-चार वर्षांत त्यातली नऊ गेली. मोहल्ल्यात कुणाला लागले, भाजले, टाके पडले की दार वाजते. पहिल्यांदा आली ती समोरच्या घरातली सून. तिच्या मुलाच्या गुडघ्याला सायकलवरून पडून टाके पडले होते. आम्ही तिला एक पाकीट दिले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि हळूच विचारले, "आपा, इतकं सगळं एका वेळेला लागत नाही. अर्धं वापरून अर्धं उद्याला ठेवलं तर चालेल ना?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. थोरलीने खोक्यातले दुसरे पाकीट काढून तिच्या हातावर ठेवले. धाकटी म्हणाली, "आधी आत ये, बस. डॉक्टरांनी काय काय आणायला सांगितलंय आणि त्यातलं काय आणणं झालं नाही, ते सांग. लाजू नको."

खोक्यात आता दोन पाकिटे आहेत. त्यांची मुदत संपली आहे. कुणाला द्यायची नाहीत, आणि आमच्याने टाकवतही नाहीत.